पाळी जाण्याचे वय आणि नवऱ्याचे कर्तव्य



धानाला खोडकिडा लागला की आपण चारचौघांत बोलतो, गाय आटली तर शेजाऱ्याला विचारतो. परंतु घरच्या लक्ष्मीच्या अंगी दुखणे असले आणि ते लाजेच्या जागेचे असले, की साऱ्या घराला कुलूप लागते. हे कुलूप उघडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात बहुतेक स्त्रियांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमारास थांबते. त्याआधीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, कारण अंडाशयातून येणारा इस्ट्रोजेन नावाचा रस कमीजास्त होऊ लागतो आणि पुढे ओसरतो. या रसावाचून योनीमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होते. मग आग होते, खाज सुटते, संबंधाच्या वेळी दुखते, कधी रक्ताचा डाग दिसतो, लघवीला वारंवार जावे लागते. अंगाची लाही होणे बहुधा काही वर्षांनी कमी होते. हा कोरडेपणा मात्र उपायावाचून सहसा जात नाही.

यातून घरोघर काय घडते? दुखण्याच्या भीतीने पत्नी दूर राहते. नवरा समजतो, हिचे मन उडाले. कोणी दारूकडे वळतो, कोणी हात उगारतो. बंधूंनो, पत्नी दूर राहते ती दुखते म्हणून. यात प्रेम आटल्याची खूण शोधू नका. दुखत असताना बळजबरी करणे हा पतीचा हक्क नव्हे, ते पाप आहे. पती-पत्नी एकमेकांचे देणे लागतात असे संत पौल सांगतो, त्यात पत्नीचे सुख व स्वास्थ्यही आले.

काही भगिनींना वाटते, मूल होण्याचे वय सरले, आता ही इच्छा धरणे बरे नव्हे. ख्रिस्तसभा असे शिकवीत नाही. पोप सहावे पौल यांनी १९६८ च्या 'हुमाने विते' या परिपत्रकात म्हटले आहे की अपत्याची शक्यता नसली तरी पती-पत्नीचे मीलन योग्यच राहते, आणि शरीराच्या व्याधीवर औषध घेण्यास मनाई नाही. जे दुखणे बरे होऊ शकते ते मुकाट्याने सोसणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे.

उपाय साधे आहेत. त्या जागी साबण, डेटॉल किंवा तुरटीचे पाणी वापरू नये. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे. सुती कपडा वापरावा. रोवणीच्या दिवसांत ओली साडी लवकर बदलावी, पाणी भरपूर प्यावे आणि बांधीत उभे राहून लघवी तुंबवू नये. मेडिकलमध्ये पाण्यापासून बनविलेली ल्युब्रिकंट जेली मिळते. संबंधाच्या वेळी ती लावावी. घाई करू नये. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर कमी मात्रेची इस्ट्रोजेनची क्रीम लिहून देतात. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती आपल्या मनाने घेऊ नये, आणि स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे.

वर्षभर पाळी बंद असून पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त येत राहिले, तर एक दिवसही थांबू नये. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते. खाज फार असल्यास मधुमेहाचीही तपासणी करावी. बिरसाच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. गरज पडल्यास बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात जावे. प्रथम आशाताईंशी बोलले तरी चालेल.

आणखी एक इशारा. अंगावरून पांढरे जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे एवढ्यावरून कोणी 'पिशवी काढून टाका' म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून होकार देऊ नये. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या भगिनींचे काय झाले, ते २०१९ मध्ये उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली होती. अनेकींनी त्यासाठी कर्ज काढले होते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचे वय एका दिवसात अंगावर येते आणि हाच कोरडेपणा तरुणपणी सुरू होतो.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडित स्त्री आठवा. बारा वर्षे तिने वैद्यांवर सारे धन घालविले होते. ती लपत आली, पण प्रभूने तिला गर्दीतून दूर लोटले नाही. 'मुली' म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठविले. प्रभूला जिची लाज वाटली नाही, तिची लाज तिच्या नवऱ्याला का वाटावी?

तेव्हा बंधूंनो, येत्या बाजाराच्या दिवशी बी-खताच्या पिशवीसोबत पत्नीलाही दवाखान्यात घेऊन जा, आणि बाहेर झाडाखाली बसून न राहता तिच्यासोबत आत जा.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू