पावसाला भिणारी शहरं

पेरू म्हटलं की आपल्याला आधी तिखटमीठ लावलेली फोड आठवते आणि मग दक्षिण अमेरिकेतला देश. त्या देशाचं चित्रही बहुतेकांच्या मनात एकच असतं. डोंगरमाथ्यावर ढगांत गुरफटलेलं माचू पिचू! सहलींच्या जाहिरातींतही तेच झळकतं. पण माचू पिचू बांधणारे इंका हे पेरूच्या इतिहासात अगदी शेवटी आलेले लोक. पंधराव्या शतकात त्यांचं साम्राज्य पसरलं आणि १५३२मध्ये स्पॅनिश सैनिक येऊन थडकले. म्हणजे सारा कारभार जेमतेम शंभर वर्षांचा.

त्यांच्या चार हजार वर्षं आधीपासून पेरूमध्ये मोठमोठ्या वसाहती होत्या. त्याही हिरव्यागार डोंगरात नाही, तर समुद्राला लागून असलेल्या उजाड वाळवंटात. त्यांचे अवशेष आजही पाहता येतात. माचू पिचूची गर्दी इथे नसते. या वेळी आपण याच वाटेने जाऊ या.

समुद्र आहे, पाऊस नाही

राजधानी लिमाहून महामार्गाने उत्तरेला निघालं की डाव्या हाताला पॅसिफिक महासागर आणि उजव्या हाताला वाळूच्या टेकड्या. झाड नाही, गवताची काडी नाही. मध्येच एखादी नदी अँडीज पर्वतावरून उतरते आणि तिच्या दोन्ही काठांना मका, ऊस, भाजीपाल्याची हिरवी पट्टी दिसते. पट्टी संपली की पुन्हा वाळू.

समुद्र इतका जवळ असताना पाऊस का पडत नाही? किनाऱ्यालगत हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्यावरची हवा गार राहते, वर चढत नाही, त्यामुळे पावसाचे ढग तयार होत नाहीत. पूर्वेकडून, अॅमेझॉनच्या जंगलाकडून येणारं बाष्प अँडीजची भिंत अडवते. लिमात हिवाळाभर धुकं दाटून असतं, पण वर्षाचा पाऊस मोजायचा तो काही मिलीमीटरमध्ये. मात्र याच थंड पाण्यात माशांची रेलचेल असते. नदीचं पाणी कालव्यांनी शेतात आणायचं आणि समुद्रातून मासळी काढायची, या दोन आधारांवर इथली माणसं जगली आणि त्यांनी शहरं उभारली.

यांतली बरीचशी बांधकामं उन्हात वाळवलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांची आहेत. आपल्या कोकणात अशी भिंत उघडी टाकली तर एका आषाढात तिचा चिखल होईल. इथे ती हजार-दीड हजार वर्षं उभी आहे, कारण पाऊस येत नाही. आणि ज्या वर्षी तो येतो, त्या वर्षी या शहरांच्या जिवावर बेततं.

काराल : सर्वांत जुनं

लिमाच्या उत्तरेला तीनचार तासांच्या अंतरावर, सुपे नदीच्या खोऱ्यात काराल आहे. रूथ शॅडी या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात इथे काम सुरू केलं, तेव्हा या टेकड्यांकडे कोणी फारसं पाहत नव्हतं. २००१मध्ये त्यांचा कालनिर्णय प्रसिद्ध झाला आणि जगाचे डोळे विस्फारले. काराल इसवी सनापूर्वी सुमारे २६०० वर्षं इतकं जुनं निघालं. म्हणजे आपल्याकडे हडप्पा, मोहेंजोदडो भरभराटीला येत होती आणि इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते, त्याच काळातलं!

इथे मातीची भांडी सापडली नाहीत. शहराला तटबंदीही नव्हती. सापडल्या त्या पेलिकन आणि कोंडोर पक्ष्यांच्या हाडांच्या ३२ बासऱ्या. पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यांच्या आत भराव कसा घातला आहे, तेही मुद्दाम पाहा. वेताच्या जातीच्या गवताच्या जाळीदार पिशव्या विणून त्यांत दगड भरले आणि त्या पिशव्या तशाच रचल्या. आपल्या शिंक्याची आठवण यावी अशी ही जाळी. भूकंप झाला तर भराव हलतो, पण ढासळत नाही. भूकंपाच्या देशात पाच हजार वर्षांपूर्वी काढलेली ही युक्ती!

काराल २००९पासून जागतिक वारसा यादीत आहे. तरीही २०२०च्या टाळेबंदीत या परिसरात अतिक्रमणं झाली आणि ती रोखू पाहणाऱ्या रूथ शॅडींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

त्रुहियो : चंद्राचं मंदिर

लिमापासून साडेपाचशे किलोमीटरवरचं त्रुहियो हे या प्रवासातलं मुक्कामाचं मुख्य गाव. विमानाने तासाभराचं अंतर आहे, बसने आठनऊ तास लागतात. गावाबाहेर मोचे लोकांची दोन प्रचंड मंदिरं समोरासमोर उभी आहेत. मोचेंचा काळ साधारण इ. स. १०० ते ८००, म्हणजे आपल्याकडच्या सातवाहनांपासून राष्ट्रकूटांपर्यंतचा.

स्थानिक भाषेत अशा पवित्र जागेला ‘वाका’ म्हणतात. सूर्याच्या वाकासाठी चौदा कोटींच्या आसपास विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. आज तिचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याच्या शोधात स्पॅनिश लोकांनी चक्क मोचे नदीचा प्रवाह वळवून या वास्तूवर सोडला. कुदळीने जे काम वर्षानुवर्षं चाललं असतं, ते पाण्याने झटक्यात केलं.

चंद्राची वाका मात्र बचावली. १९९१पासून तिथे उत्खनन सुरू झालं आणि आतून लाल, पिवळे, पांढरे, काळे रंग जसेच्या तसे बाहेर आले. मोचे लोक जुनं मंदिर पाडत नसत. ते विटांनी बुजवून त्यावर नवं बांधत. त्यामुळे एकाच्या पोटात एक अशी मंदिरं आहेत आणि आतल्या भिंतींवर दात विचकणाऱ्या देवाचे चेहरे ताजे वाटावेत इतके टिकले आहेत. विटांवर निरनिराळ्या खुणा आहेत. कोणत्या गावाने किंवा गटाने किती विटा दिल्या, याचा तो हिशेब असावा, असं मानतात.

याच वास्तूच्या मागच्या चौकात सत्तरएक बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांतले काही घट्ट झालेल्या चिखलात रुतलेले होते. या कोरड्या प्रदेशात चिखल म्हणजे मोठा पाऊस. आभाळ फाटल्यावर ते थांबावं म्हणून माणसं मारली गेली असावीत, असा तर्क अभ्यासक करतात. तिथे उभं राहिलं की पावसाची त्या लोकांना किती धास्ती होती, ते कळतं.

एक राणी आणि एक नगरी

त्रुहियोच्या उत्तरेला, समुद्रकिनाऱ्यावर एल ब्रुहो नावाची जागा आहे. तिथल्या वाकामध्ये २००५ साली एका तरुणीचं ममी झालेलं शरीर सापडलं. विशीतली ही बाई सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची. तिच्या हातांवर साप आणि कोळी गोंदलेले होते आणि शेजारी दागिन्यांबरोबर गदाही ठेवल्या होत्या. मोचेंमध्ये सत्ता पुरुषांचीच असणार, असं तोवर धरून चाललं जाई. ‘सेन्योरा दे काओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाईने तो समज मोडला. तिथल्या संग्रहालयात तिचं दर्शन घडतं.

त्रुहियोजवळच चान चान आहे. चिमू लोकांची ही राजधानी साधारण इ. स. ९००पासून १४७०च्या सुमारास इंकांनी जिंकेपर्यंत नांदत होती. वीस चौरस किलोमीटरवर पसरलेलं हे अमेरिका खंडातलं मातीचं सर्वांत मोठं शहर. उंच भिंतींच्या आत एकेका राजाचा वाडा, कोठारं, पाण्याचा तलाव. प्रवाशांसाठी यांतला एक वाडा नीट राखला आहे. भिंतींवर मासे, पक्षी, लाटा आणि कोळ्यांच्या जाळ्याची नक्षी आहे. एका भिंतीवर माशांच्या रांगा परस्परविरुद्ध दिशांना जातात. हे थंड आणि उष्ण असे दोन सागरी प्रवाह आहेत, असं मार्गदर्शक सांगतात.

युनेस्कोने १९८६मध्ये चान चानला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही घातलं.

संध्याकाळी जवळच्या वांचाको किनाऱ्यावर अवश्य जा. लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या टोकदार होड्यांवर बसून तिथले कोळी लाटांवर स्वार होतात. मोचेंच्या मातीच्या भांड्यांवर अगदी अशाच होड्या आहेत.

सिपान : चोरांनी दाखवलेली कबर

त्रुहियोहून आणखी तीनचार तास उत्तरेला चिक्लायो शहर आहे. त्याच्याजवळच्या सिपान गावात फेब्रुवारी १९८७मध्ये थडगी फोडणाऱ्यांच्या हाती सोन्याने भरलेली कबर लागली. माल बाजारात येऊ लागला, पोलिसांना सुगावा लागला आणि त्यांनी पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांना बोलावून घेतलं. पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला होता, गाव खवळलेलं होतं. अशा वातावरणात आल्वांनी पहाऱ्यात राहून उरलेली टेकडी खणली. आधी पाय कापलेल्या एका रक्षकाचा सांगाडा मिळाला आणि त्याच्याखाली कोणाचाही हात न लागलेली राजाची कबर!

हा ‘सिपानचा अधिपती’ आता लांबायेके गावातल्या, २००२मध्ये उघडलेल्या संग्रहालयात आहे. त्याच्या अलंकारांत एक हार आहे. उजव्या बाजूला सोन्याच्या दहा आणि डाव्या बाजूला चांदीच्या दहा भुईमुगाच्या शेंगा. प्रत्येक शेंग तळहाताएवढी मोठी आणि वरच्या रेषांसकट हुबेहूब! आपल्या उपासाच्या खिचडीतला शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतलाच. तिथे तो राजाच्या गळ्यात होता.

चोरीला गेलेल्या मालाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सिपानचा सोन्याचा एक मोठा अलंकार १९९७मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ एफबीआयने पकडला आणि तो पेरूला परत मिळाला. पण वस्तू परत आली तरी ती कुठे, कोणाजवळ, कशाबरोबर ठेवली होती, हे कायमचं हरवतं. ग्राहक असतो म्हणून कबर फुटते.

धोका कुणाचा?

या शहरांचे शत्रू दोनच, लोभ आणि पाऊस. काही वर्षांनी किनाऱ्यालगतचं समुद्राचं पाणी तापतं. नाताळच्या सुमारास हे घडतं म्हणून कोळ्यांनी त्याला बाळ येशूवरून ‘एल निन्यो’ नाव दिलं. हे नाव आता आपल्या शेतकऱ्यालाही पाठ आहे, कारण अशा वर्षी आपला मान्सून अशक्त होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे ज्याच्यामुळे आभाळाकडे डोळे लावून बसावं लागतं, तोच तिथे धो धो कोसळतो. १९८२-८३, १९९७-९८ आणि २०१७मध्ये या किनाऱ्याने महापूर पाहिले. २०१७मध्ये त्रुहियोच्या रस्त्यांतून चिखलाचे लोट वाहिले. मातीची नक्षी एकदा विरघळली की दुरुस्त होत नाही, फक्त नक्कल करता येते. म्हणून जागोजागी छपरं घातलेली दिसतात. ती छायाचित्रात येतात म्हणून कुरकुर करू नका. त्यांच्यामुळेच आपल्याला काही पाहायला मिळतं आहे.

जाण्यापूर्वी

भारतातून पेरूला थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत असलेला व्हिसा ज्यांच्याकडे आहे, अशा भारतीयांना २०१७मध्ये पेरूने व्हिसातून सवलत दिली. तरी निघण्यापूर्वी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून ताजे नियम विचारून घ्या.

आठ दिवस हाताशी असावेत. लिमा दोन, काराल एक, त्रुहियो तीन, चिक्लायो दोन. लिमातच थांबायचं असेल तर भरवस्तीतली वाका पुक्याना पाहा. तिथल्या विटा कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या रचल्या आहेत, तीही भूकंपासाठीच. डिसेंबर ते मार्चमध्ये ऊन स्वच्छ असतं, पण एल निन्योचं वर्ष असेल तर बातम्या पाहून जा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. लांबायेकेचं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. भात, घेवड्याच्या उसळीसारखे ‘फ्रिहोलेस’, मका आणि बटाट्याचे नाना प्रकार मिळतात. मागवताना ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नको, एवढं पाठ करून ठेवा. मुलांना तिथली केस नसलेली कुत्री दाखवा. बऱ्याच वाकांच्या आवारात ती हिंडत असतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. भिंतीला हात लावू नका, कारण हाताच्या घामानेही नक्षी झिजते. आणि कोणी हळूच येऊन ‘जुनं खरं भांडं’ दाखवलं, तर सरळ पुढे चला. ते खोटं असेल तर पैसे बुडाले. खरं असेल तर ते कोणाच्या तरी फोडलेल्या थडग्यातलं आहे आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. त्यापेक्षा आजच्या कुंभाराने घडवलेलं नवं भांडं घ्या. त्यावर तेच मासे, तेच पक्षी, त्याच होड्या असतात आणि पैसेही त्याच्या घरी पोचतात.