आणखी एक मासा मावेल काय?

बैठकीच्या खोलीत सहा फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. पाणी नितळ आहे, पाचसहा मासे वर्षभर निकोप राहिले आहेत, आणि निम्मी टाकी तर रिकामीच दिसते. मग मुलांनी "आणखी दोन आणू या की!" असा हट्ट धरला, तर त्यात वावगे ते काय? अहमदाबादच्या सायन्स सिटीत २०२१ साली मोठे मत्स्यालय उघडल्यापासून बडोद्याहून तेथे सहलीला जाणारी कुटुंबे पुष्कळ झाली आहेत. अडुसष्ट टाक्या आणि काचेच्या बोगद्यात डोक्यावरून जाणारे शार्क पाहून परतल्यावर घरची टाकी मुलांना अधिकच ओकीबोकी वाटू लागते. म्हणून ह्या महिन्यात ह्याच प्रश्नाचा विचार करू. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. ते मोजून काढावे लागते, आणि ते चुकले तर त्याची किंमत एखाद्या नव्या माशाला नव्हे, तर टाकीतील सर्वच जिवांना मोजावी लागते.

आपल्या घरच्या मंगलकार्याचे उदाहरण घ्या. पंगतीला किती पाने मांडता येतील, हे केवळ दिवाणखान्याच्या लांबीवर ठरत नाही. ते स्वयंपाकघरावर आणि त्याहूनही अधिक मागच्या मोरीवर ठरते. खरकटे जेवढे निघते तेवढे वेळच्या वेळी धुऊन निघाले नाही, तर दुसरी पंगत बसूच शकत नाही. मत्स्यटाकीचेही असेच आहे. आपण दिवाणखान्याची लांबी पाहतो. विचार मात्र मोरीचा करावयास हवा.

टाकीतील मोरी म्हणजे जिवाणू. मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. हा माशांना विष होय. वाळूवर, सच्छिद्र दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करून असलेले जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की ह्याने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. त्यापूर्वी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. वनस्पती व प्राणी ह्यांचा समतोल साधला की पाणी शुद्ध राहते, एवढेच त्या काळच्या जाणकारांना ठाऊक होते. ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे काम डोळ्यांना न दिसणारे हे मजूर करीत होते.

हे मजूर तत्पर आहेत, पण त्यांची वाढ मंद असते. ज्यांची संख्या दुप्पट होण्यास बहुधा दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, ते एकाच सायंकाळी वाढलेला भार कसा उचलणार? नवी टाकी माशांना योग्य होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, ते ह्याच कारणाने. शिवाय समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. गोड्या पाण्यात एखादा सोनमासा जेवढा अमोनिया सहन करून जाईल, तेवढ्याने समुद्रातील मासा दगावू शकतो. गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आता मोजमापाकडे वळू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीचे आकारमान चोवीस घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर भरते. परंतु वरची दोनतीन बोटे जागा मोकळी, खाली वाळू आणि मध्ये दगड वजा जाता पाणी सुमारे ५५० लिटरच उरते. लिटरमागे ३५ ग्रॅम ह्या हिशेबाने त्यात सुमारे १९ किलो मीठ आहे. दुकानदार जो आकडा सांगतो तो रिकाम्या काचेचा. मासे राहतात ते पाण्यात.

दुसरी एक फसगत इंचांच्या हिशेबात होते. अमुक गॅलनला माशाचा एक इंच, असा एक जुना ठोकताळा आहे. पण माशाचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सहा इंची एक मासा हा एक इंची सहा माशांच्या बरोबरीचा नसून, त्याच अंगलोटाच्या दोनशे सोळा माशांच्या बरोबरीचा असतो. खातो आणि मळ टाकतो तोही त्याच मानाने पुष्कळ अधिक. दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग पूर्ण वाढला म्हणजे फूटभर लांबीचा होतो, आणि त्याला पोहण्यास लांबच लांब मोकळी जागा लागते. आपल्या शहराच्या पाण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत आजव्याचा तलाव बांधला गेला. असे तलाव बांधणारे आजची वस्ती मोजून थांबत नाहीत, पुढे वाढणारी वस्तीही हिशेबात धरतात. टाकीतील माशांचा हिशेबही ते आज केवढे आहेत ह्यावर नव्हे, तर पुढे केवढे होणार आहेत ह्यावर केला पाहिजे.

मोरीची क्षमता मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे. नायट्रेट मोजण्याची परीक्षणपेटी बाजारात मिळते. सध्याच्या माशांवरच आठ आठवडे दर रविवारी पाणी बदलण्यापूर्वी नायट्रेट मोजावे व वहीत टिपून ठेवावे. समजा, आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम वाढ होते आणि आपण दर आठवड्यास दहा टक्के पाणी बदलतो. तर तो आकडा वाढत वाढत ५० च्या जवळ जाऊन स्थिरावेल, कारण तेथे पोहोचल्यावरच दहा टक्के पाण्याबरोबर पाच मिलिग्रॅम बाहेर जातात. वीस टक्के बदलल्यास तो २५ वर थांबेल. केवळ मासे असलेल्या टाकीत हा आकडा ४० च्या आत ठेवावा, असा साधारण प्रघात आहे. म्हणजे पहिल्या घरात आजच दाटी झालेली आहे, पाणी कितीही नितळ दिसो. दुसऱ्या घरात थोडी जागा आहे. मात्र वीस टक्के म्हणजे दर आठवड्यास ११० लिटर पाणी आणि जवळजवळ चार किलो मीठ. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढावयाचे, मीठ विरघळवावयाचे आणि बादल्या वाहावयाच्या. हे काम घरातील कोण करणार, ह्याचे उत्तर हट्ट धरणाऱ्यांकडून आधीच घ्यावे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते मरीन ड्राइव्हवर, ऐन समुद्रालगत. शिकागो शहर समुद्रापासून दूर असल्यामुळे १९३० मध्ये तेथील शेड मत्स्यालयासाठी फ्लॉरिडातील की वेस्टहून सुमारे दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागले. बडोद्याच्या गृहस्थाची स्थिती शिकागोसारखी आहे. खंबातचे आखात नकाशावर जवळ दिसते, पण त्याचे पाणी गाळाने गढूळ असते. त्यामुळे त्याला आपला समुद्र घरीच पिंपात तयार करावा लागतो. वाढलेल्या प्रत्येक माशाबरोबर हे पिंप मोठे होत जाते.

एवढे सारे जमले तरी खरी कसोटी पुढेच आहे. ती प्राणवायूची. तीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात जेमतेम सव्वासहा. आणि उष्णता वाढली की माशाची गरज वाढते, पाण्याची क्षमता मात्र घटते. आपल्या सुरसागरात मासे मरून वर आल्याच्या बातम्या शहराने अनेकदा वाचल्या आहेत. पाण्यातील प्राणवायू संपला की एवढ्या मोठ्या तलावाचाही इलाज चालत नाही. काचेच्या टाकीची कथा काय?

एक ढोबळ हिशेब मांडू. मे महिन्यात रात्री वीज गेली व पंप थांबले. ५५० लिटर पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर प्राणवायू आहे. त्यातील निम्मा संपला की माशांची तडफड सुरू होते. टाकीत एकूण अर्धा किलो मासे आहेत आणि किलोमागे ताशी ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे धरले, तर त्यांना ताशी १५० मिलिग्रॅम लागेल. जिवाणू व इतर जीव तेवढाच घेतात असे मानल्यास ताशी खर्च ३०० मिलिग्रॅम झाला. म्हणजे हाताशी सहा तास उरले. पृष्ठभागावरून थोडा प्राणवायू मिसळतो, म्हणून प्रत्यक्षात काहीसा अधिक वेळ मिळेल. आता माशांचे वजन दुप्पट करा. त्यांच्याबरोबर जिवाणूही वाढतील, आणि सहाचे तीन तास होतील. नव्या माशांनी जागा व्यापली ती पाण्यातील थोडीशी. वेळ मात्र निम्मा खाल्ला.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा कित्येक वस्त्यांत वीज दीर्घकाळ बंद होती आणि लोकांना घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले होते. अशा वेळी घरातील माणसांचीच व्यवस्था लावताना पुरेवाट होते. टाकीत किती मासे मावतात, हे म्हणूनच तिच्या उत्तम दिवसावरून ठरवू नये. सर्व यंत्रे सुरू आहेत, पाणी नुकतेच बदलले आहे, हवा थंड आहे, अशा डिसेंबरातील रविवारी कोणतीही टाकी ऐसपैस वाटते. निर्णय करावा तो मे महिन्यातील अंधाऱ्या रात्रीवरून आणि पुराच्या दुसऱ्या दिवसावरून. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात नसेल, तर नवा मासा घेण्याआधी तो घ्यावा. आणि तो आल्यावरही त्याच्या भरवशावर दाटी करू नये.

रसायनाखेरीज स्वभावाचाही विचार आहे. प्रवाळभित्तीवरील पुष्कळसे मासे आपापली हद्द राखणारे असतात. डॅमसेल जातीचा दोन इंची मासा आपली कपार सांभाळण्यासाठी स्वतःहून मोठ्याच्या अंगावर धावून जातो. जो टाकीत आधी आला त्याचे घर ठरलेले असते. नंतर आलेल्याला कोपरा मिळाला नाही तर तो छळाने, उपासाने खंगतो. समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो. काचेच्या आत त्याला जाण्यास वाट नसते. शिवाय नवा मासा रोग घेऊन येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर येतो आणि दाट वस्तीत झपाट्याने फैलावतो. म्हणून नव्या माशाला निदान चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणे अगत्याचे आहे. त्या लहान टाकीला घरात जागा नसेल, तर मोठ्या टाकीतही नव्या माशाला जागा नाही असेच समजावे.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. खाऱ्या पाण्यातील शोभेच्या माशांपैकी बहुसंख्य आजही प्रत्यक्ष समुद्रातून धरून आणलेले असतात. क्लाउनमाशाची पैदास आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने यशस्वी केली आहे. पण अनेक जातींचे तसे नाही. पाण्याबाहेर, पिशवीत, प्रवासात जे दगावतात, त्यांचा हिशेब ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे ह्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोणी गुपचूप देऊ केले तरी ते घेऊ नयेत. मुलांना प्रवाळ पाहावयाचे असेल, तर आपल्याच राज्यात जामनगरजवळ, कच्छच्या आखातात, १९८२ साली घोषित झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे नरारा येथे ओहोटीच्या वेळी रीतसर परवानगी घेऊन पायी चालत प्रवाळ पाहता येते. घरच्या टाकीत दोन मासे वाढविण्यापेक्षा ती सहल मुलांच्या अधिक लक्षात राहील.

तेव्हा हट्टाला थेट नकार देण्याचे कारण नाही. मुलांच्या हाती वही द्यावी. आठ आठवड्यांचे नायट्रेट, रोजचे तापमान, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात काय, ह्याची नोंद त्यांनीच ठेवावी. सध्याच्या प्रत्येक माशाची पूर्ण वाढ किती होणार, हे त्यांनीच शोधून लिहावे. ह्या सर्वांतून होकार निघाला, तर मासा आणावा तो एकच: लहान वाढीचा, शांत स्वभावाचा आणि शक्यतो पैदाशीचा. तो टाकीत सोडल्यावर पुढील महिनाभर वही पुन्हा लिहावी, आणि ती पाहिल्याखेरीज दुसऱ्याचे नाव काढू नये. नकार निघाला, तर तोही मुलांनी स्वतः मोजून काढलेला असेल; तो त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.