अंगाचा ताप आणि मनाचा ताप

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगात जरा कणकण भरली तर आपल्या घरातून काय होते, हे वाचकांस सांगावयास नको. आजी कपाळावर हात ठेवून पाहते, काकू काढा उकळावयास ठेवते, वडील डॉक्टरांकडे घेऊन जातात, आणि शेजारी विचारपूस करावयास आले तर 'ताप आहे हो त्याला' असे घरातील कोणीही निःसंकोच सांगतो. परंतु तेच मूल पंधरा दिवस पानावरून अर्धपोटी उठत असेल, रात्री तळमळत असेल, खेळावयास जात नसेल आणि कोणी हाक मारली तर वसकन अंगावर येत असेल, तर त्याच घरात निराळाच न्याय लागू होतो. कोणी म्हणतो 'नखरे', कोणी म्हणतो 'वयच आहे ते', कोणी सारा दोष मोबाइलावर ढकलतो. आणि क्वचित एखाद्याने डॉक्टरांचे नाव काढलेच, तर 'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न सर्वांच्या मुखावर उमटतो. या महिन्यात आम्ही या दुटप्पी न्यायाविषयीच चार शब्द लिहिणार आहो.

आपल्या भागात या लाजेस एक जुने कारण आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 साली स्थापन झाले, आणि पुढे 'याला ठाण्याला पाठवावे लागेल' ही मराठी घरांतून नेहमीची थट्टा होऊन बसली. थट्टा करणाराच्या मनात दुष्टावा नसेल. पण जे मूल ती ऐकत वाढते, त्याच्या मनावर एवढे खचित ठसते की, मन बिघडणे म्हणजे वेड लागणे, आणि वेड लागणे म्हणजे घराण्यास बट्टा. मग स्वतःच्याच मनात काही बिनसले आहे असे त्यास वाटू लागले, तर ते कोणापाशी तोंड उघडील?

वास्तविक याच ठाण्याने या समजुतीस उत्तरही दिले आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली येथे 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. तिच्या नावात आजार नाही, आरोग्य आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मन हे शरीराप्रमाणेच सांभाळावयाचे असते, आणि त्यासाठी मदत मागणे हे शहाणपणाचे लक्षण होय, ही गोष्ट या संस्थेने शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत अनेकांस समजावून दिली. तिचा 'वेध' हा उपक्रम तर मुलांसाठीच निघाला. निरनिराळ्या क्षेत्रांत मनापासून काम करणारी माणसे त्यात मुलांसमोर येऊन आपली वाटचाल सांगतात. गुणपत्रिकेच्या एका कागदावर आयुष्य संपत नाही, हे मुलांस उपदेशाने पटत नाही. जिवंत माणसे समोर पाहून पटते.

हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात आपल्या देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची होती. अशा घटनेस बहुधा एकच कारण नसते. परीक्षा, घरातील कलह, मित्रांनी केलेली चेष्टा, आधीपासून जडलेला विषादाचा विकार अशी अनेक ओझी एकावर एक चढतात. म्हणूनच 'गुण कमी पडले म्हणून गेला' असा निकाल देऊन आपण मोकळे होऊ नये. ओझी अनेक असतात, याचाच अर्थ असा की, त्यांतील एखादे वेळीच हलके करता येते.

ते कोणी करावयाचे? 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्या रुळांनी या गावांस भाग्य दिले. पण घरातील कर्त्या माणसांचा दिवसही त्यांनीच नेला. डोंबिवलीची कितीतरी आईबापे सकाळी स्वयंपाक, डबे उरकून गाडी गाठतात आणि दिवेलागणीनंतर घामाघूम होऊन परततात. तेव्हा मूल शाळेतून येते त्या वेळी दार उघडतात ते आजोबा, आजी, आत्या किंवा धाकटी काकू. एकत्र कुटुंबास लाभलेले हे धन आहे. मुलाचा चेहरा प्रथम पाहणारे माणूस हेच. आणि त्या पहिल्या पाव तासात मूल जे बोलते, ते रात्री नऊ वाजता आईबापांसमोर बोलेलच असे नाही.

परंतु जे घर आधार देते, तेच कधीकधी न्यायासनही होते. गुणपत्रिका हाती येताच आजोबा, वडील, काका आणि पाहुणे म्हणून आलेले मामा असे चौघे मिळून मुलाची झडती घेतात. 'तुझ्या वयात आम्ही' येथून आरंभ होतो आणि चुलत भावाच्या टक्क्यांवर शेवट होतो. शिवाय एकाजवळ सांगितलेली गोष्ट रात्रीच्या पंगतीस सर्वांच्या तोंडी होते. एकदा असे झाले की मूल पुन्हा कोणापाशी बोलत नाही. म्हणून आमची पहिली विनंती घरातील वडील मंडळींस आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेले मन पंगतीत वाढू नका. जिवाला किंवा देहाला धोका असेल तेवढेच त्याच्या आईबापांस सांगा, आणि तसे सांगणार आहो हे मुलालाही आधी सांगा. पहिल्या पाव तासात अभ्यासाचा प्रश्न विचारूच नका. खावयास द्या, जवळ बसा, आणि ते बोलू लागले तर मध्येच उपाय सुचविण्याची घाई करू नका.

आता खुणा. मोठ्या माणसाची उदासी मुकी असते. मुलांची उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसते. झोप किंवा भूक बदलणे, शाळेच्याच दिवशी सकाळी पोट किंवा डोके दुखणे, आवडीचा खेळ वा गाणे एकाएकी सुटणे, मित्र टाळणे, अभ्यास अकस्मात ढासळणे, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तज्ज्ञास दाखवावे. झोपेचाही हिशेब ठेवावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप लागते, आणि रात्रीची शिकवणी व पहाटेची शाळा यांच्या कात्रीत तीच प्रथम कापली जाते. मात्र 'मी नसलो तर बरे' अशा अर्थाचे शब्द निघाले, मूल आपल्या प्रिय वस्तू वाटून टाकू लागले, किंवा त्याने स्वतःस इजा करून घेतली, तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबू नये. अशा वेळी त्यास शांतपणे सरळ विचारावे, 'बाळ, तुला जगणे नकोसे वाटते का?' विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल ही भीती व्यर्थ आहे. उलट कोणीतरी विचारले, या जाणिवेनेच मुलास पुष्कळदा हायसे वाटते. त्यास एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

मदत कोणाची, हाही घोटाळा पुष्कळांच्या मनात असतो. समुपदेशक व मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून मनाची गाठ सोडवितात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असून गरज पडल्यास औषध देतात. तेथे गेले की लगेच गोळ्या सुरू होतात, हा समज खरा नव्हे. ज्यांस घराबाहेर पाऊल टाकणे जड वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेली 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र आहे व तीत मराठीतून बोलता येते. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे दूरध्वनीच्या वहीत नव्हे, तर मुलांस दिसतील असे भिंतीवर लिहून ठेवावे.

घराबरोबर शाळेचेही कर्तव्य आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावयास हवा. पुढील पालकसभेत फीच्या प्रश्नाआधी हा प्रश्न विचारावा, अशी आमची सूचना आहे. सुरक्षिततेविषयीही तेच. 2024 च्या ऑगस्टात बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि 20 ऑगस्ट रोजी संतप्त लोकांनी तेथील रेल्वे रोखून धरली. ते उघडकीस येऊ शकले, कारण लेकरांची तक्रार घरच्यांनी 'लहान आहे, काहीतरी बोलते' म्हणून उडवून लावली नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा अपराध ठाऊक असता पोलिसांस न कळविणे हाच गुन्हा आहे. तेथे घराण्याच्या किंवा शाळेच्या अब्रूची सबब चालत नाही.

कायदे, क्रमांक आणि समुपदेशक हे सर्व हवेच. पण त्यांच्यापर्यंत मुलास पोहोचविणारा हात घरचाच असतो, आणि तो हात लाजेने मागे राहिला तर बाकीचे सारे व्यर्थ. तेव्हा सुज्ञ वाचकहो, 'ठाण्याला पाठवू' ही थट्टा आपल्या घरातून आजच हद्दपार करा. मुलाच्या मनाला ताप आहे असे दिसताच, अंगाच्या तापाला म्हणता तितक्याच सहज आवाजात म्हणा, 'चल, उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.' त्या आवाजातला सहजपणा हाच निम्मा उपचार होय.