मातृभाषेचा न्याय कोणाकोणाला?

एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला आणि मराठी समाज खवळून उठला. जूनअखेरीस शासनाला माघार घ्यावी लागली. विरोधकांच्या युक्तिवादांपैकी एक निखळ शैक्षणिक होता : सहा वर्षांच्या मुलाचे भावविश्व घरच्या भाषेत घडत असते, त्यावर दुसरी भाषा लादू नये. हा युक्तिवाद आम्हांला मान्य आहे; म्हणूनच तो शेवटपर्यंत नेला पाहिजे.

मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत पहिलीत येणाऱ्या कोरकू मुलाचे काय? हिंदी आणि मराठी एकाच आर्यभाषाकुलातल्या. लिपी एक, निम्मेअधिक शब्द ओळखीचे. कोरकू मात्र मुंडा गटातील, संथाळी-मुंडारीच्या गोतावळ्यातली. म्हणजे मराठी मुलाला हिंदी जितकी परकी, त्याहून कितीतरी अधिक परकी मराठी ही कोरकू मुलाला असते. ते वर्गात गप्प बसते आणि त्या मौनाला आपण ‘अभ्यासात कच्चा’ असे नाव देऊन मोकळे होतो. गडचिरोलीतल्या द्राविडकुलीन गोंडी-माडियाची कथा निराळी नाही.

स्नेहसंमेलनात मात्र याच मुलांच्या नाचाला हमखास टाळ्या पडतात. विविधतेचा गौरव म्हणतात तो हाच! पोशाख चालतो, ढोल चालतो. भाषा तेवढी उंबऱ्याबाहेर ठेवायची.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मराठी आली नाही तर ही मुले मागे पडतील. मराठी शिकवू नका, असे कोण म्हणते? प्रश्न मराठीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातील कलम २९ने शिक्षणाचे माध्यम ‘शक्य तेथवर’ मातृभाषा असावे, असे म्हटलेच आहे. या ‘शक्य तेथवर’मध्ये आपला सारा निरुत्साह सुखाने नांदतो.

मनाचा मोकळेपणा हा मूल्यशिक्षणाच्या तासाला मुलांना पाजायचा डोस नव्हे. तो आधी शाळेने अंगी बाणवायचा असतो. मेळघाटात नेमलेल्या शिक्षकाला कामचलाऊ कोरकू आलीच पाहिजे, पहिली-दुसरीच्या वर्गात ती निःसंकोच बोलली गेली पाहिजे, ही मागणी अवास्तव नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच होता. पण २०२५मध्ये जे आपण दिल्लीकडे बोट दाखवून म्हणालो, तेच मेळघाटातून आपल्याला कोणी म्हणाले, तर आपल्याजवळ उत्तर काय आहे?