चालतंय की!

मंडळी, मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. साताऱ्याला घरी सुट्टीवर होतो, तिथून थेट सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर धाडलं गेलं. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, विंडोजवरचं, सी++ मधलं. नवी आवृत्ती त्याच सकाळी चढवलेली. पहिलीच पावती: भरलेली गाडी २८ टन, रिकामी ८ टन, कपात शून्य, निव्वळ ऊस १२ टन!

"आठ टन ऊस काट्यानं खाल्ला व्हय, साहेब?" पावतीवाले काका म्हणाले.

कोड उघडला. रिकाम्या वजनाच्या खान्याचा आयडी १०१२. 'कपात' हा नवा खाना आमच्याच एका पठ्ठ्याने प्रोग्राम चालू असताना क्रिएटविंडोने बनवलेला, आणि आयडी म्हणून हाताने १०१२ च ठोकलेला. विंडोज बिचारं हूं की चूं करत नाही. कपात वाचायला १०१२ मागितला, की त्या डायलॉगमध्ये पहिला सापडेल तो खाना हातात देतं. म्हणजे रिकामी गाडी दोनदा वजा. पठ्ठ्याला फोन केला तर म्हणे, "टेस्टिंगला चालत होतं की!" टेस्टिंगला यांनी रिकामी गाडी शून्य किलोची धरलेली. धन्य!

अरे, आरटीओला कळतं ते आपल्याला का कळू नये? साताऱ्याची एमएच-११, सांगलीची एमएच-१०. पुढचे आकडे दोन्हीकडे सारखे निघाले तरी बिघडत नाही. तसंच दोन वेगळ्या डायलॉगमध्ये १०१२ खुशाल वापरा, पण एकाच डायलॉगमध्ये दोन गाड्यांना एक पाटी? आकडे सगळे रिसोर्स डॉट एच मध्येच ठेवा, कोडमध्ये उघडा आकडा दिसता कामा नये. १ आणि २ तर आधीच बुक आहेत, आयडीओके आणि आयडीकॅन्सल. एंटर आणि एस्केप त्यांच्याकडेच जातात.

आणि ती नावं! आयडीसी_एडिट१ पासून आयडीसी_एडिट४७ पर्यंत. व्हिज्युअल स्टुडिओ ते नाव तात्पुरतं देतो राव, बारशाला ठेवत नाही. आयडीसी_रिकामे_वजन असं लिहायला किती वेळ लागतो? सीनियर म्हणतात, विन३२ आता करतो कोण, कशाला डोकं लावतोस. त्यांनी एकदा काट्यासमोर लागलेली ट्रॅक्टरची रांग बघावी.

असो. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. काकांना २० टनांची पावती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि पिशवीतून आधीच्या सगळ्या गाड्यांच्या पावत्या बाहेर काढल्या.