शनिवारी घाणा बंद!

मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो की घरातून धंदा करत असाल तर आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद ठेवा. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, "सर, तुमचं बोलायला काय जातंय? आम्हाला एक ऑर्डर सोडणं परवडत नाही." बरोबर आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. आणि उदाहरण कुठल्या परदेशी कंपनीचं नाही, आपल्या अलिबागकडच्या तेल्यांचं देतो.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून आलेली आडनावं. त्यांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबायचा, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. हा त्यांचा शब्बाथ. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. दुसरे तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवायचे, ते 'सोमवार तेली'.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. सुट्टीचा वार हीच ओळख झाली! आपण आज ज्याला ब्रँड म्हणतो तेच की हे. गिऱ्हाईक बंद दुकानावर चिडत नाही हो. कधी उघडं, कधी बंद, कधी "जरा फोन करून या", याच्यावर चिडतं. अनेक गावांत सोमवारी सलून बंद असतात. कुणी तक्रार करतं का? आपण रविवारीच केस कापून घेतो.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या समाजाचं पहिलं सिनेगॉग मुंबईत बांधलं गेलं १७९६ साली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या खेड्यांत ना प्रार्थनामंदिर, ना धर्मगुरू, ना फारसे ग्रंथ. तरी शनिवार टिकला. कुठे टिकला? घरात. आईबापांनी पाळला, पोरांनी बघितला.

आता आमच्या घरची फजिती सांगतो. आमचा पॅकिंगच्या सामानाचा धंदा सुरुवातीला हॉलमधूनच चालायचा. एका वर्षी मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, रविवार बंद, रविवार फक्त मुलांसाठी. पहिल्या रविवारी अकरापर्यंत झोपलो. मग दिवसभर मुलांना "टीव्ही नको, आवाज नको, मोबाईल नको". बायको स्वयंपाकघरात, कारण रविवार म्हणजे मटण, वडे, सगळं साग्रसंगीत. तिसऱ्या रविवारी धाकटा म्हणाला, "बाबा, आज ऑर्डर नाही का? बॉक्स करायला मजा येते."

मी गप्प बसलो. त्याचं म्हणणं खरं होतं. कामाच्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून बॉक्स दुमडायचा, टेप कापून द्यायचा. तिथे त्याला जागा होती. आणि मी ज्याला 'मुलांचा दिवस' म्हणत होतो त्या दिवशी त्याला काही कामच नव्हतं. नुसती मनाई होती.

शब्बाथमध्येही मनाई भरपूर असते. काम नाही, पैशाला हात नाही, चूल पेटवायची नाही. पण मुलांच्या वाट्याला काय येतं ते बघा. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवे लागतात. बाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. मनुका भिजवून केलेलं सरबत सगळ्यांना मिळतं. बेने इस्राएल घरांत वाइनच्या जागी हेच सरबत चालत आलंय. शनिवारी रात्री दिवस संपवताना मसाल्याचा वास घ्यायचा, वातींची मेणबत्ती लावायची. ती धरायला पुष्कळ घरांत लहान मूलच पुढे येतं. दिवस उघडायची आणि मिटायची ठरलेली रीत आहे, आणि तिच्यात पोरांचा हात आहे.

आणि जेवण आदल्या दिवशीच करून ठेवलेलं असतं! हे माझ्या डबे-मसाले-केकवाल्या ताईंनी दोनदा वाचा. तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्हीच ओट्यापाशी उभ्या राहणार असाल तर बंद काय झालं? फक्त गिऱ्हाईक बदललं.

आपण काही शब्बाथ पाळायला बसलेलो नाही. तो त्यांचा धर्म आहे, त्याची नक्कल करू नये. पण रीत शिकायला काय हरकत? आम्ही बदललं ते असं. शनिवारी रात्री आठला धाकटा धंद्याचा फोन बंद करून स्टीलच्या डब्यात ठेवतो, डब्याचं झाकण थोरली लावते. रविवारचं जेवण काय ते मुलं शुक्रवारी सांगतात आणि शनिवारी सगळे मिळून तयारी करतो. रविवारी रात्री आठला डबा उघडायचा मानही त्यांचाच. माझा हात त्या डब्याला लागलेला चालत नाही. दोनदा लागला होता, दोन्ही वेळा पकडला गेलो.

"पण आमचा केकचा धंदा, रविवारीच तर वाढदिवस!" मान्य. मग रविवार दुपारी एक ते सोमवार दुपारी एक घ्या. दिवस संध्याकाळपासून सुरू होतो असं मानणारे लोक जगात आहेत, तर तुमचा दुपारी सुरू झाला म्हणून काय बिघडलं? रविवारची संध्याकाळ पूर्ण मुलांची मिळते. मात्र एकदा ठरवलं की दर आठवड्याला तोच. "या आठवड्यात मंगळवारी घेऊ" म्हणणाऱ्याची सुट्टी कधीच होत नाही, हे मी शेकडो उद्योजकांकडे बघून सांगतो.

अजून एक. मदतीला ताई किंवा पोरगा असेल तर सुट्टी त्यांनाही. ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या आज्ञेत घरचे नोकरचाकर आणि बैलसुद्धा मोजलेत. म्हणजे घाण्याचा बैलही शनिवारी सुटा. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळवून द्यायला नारायण मेघाजी लोखंडे यांना किती वर्षं झगडावं लागलं. १८९० साली तो मिळाला. आपण मालक झालो की हे पहिलं विसरतो.

तोटा होतो का? होतो. आमचं एक चांगलं गिऱ्हाईक या डब्यापायी कायमचं गेलं. त्या महिन्यात मला झोप नव्हती, आणि बायकोनं "बघ, उघड डबा" म्हटलं असतं तर मी उघडलाही असता. ती म्हणाली नाही.

गेल्या रविवारी रात्री डबा उघडला तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते. त्यातले अकरा एकाच माणसाचे. रात्रभर घोर. सोमवारी सकाळी नऊला त्यालाच पहिला फोन लावला. त्याला दोन इंची टेपचा भाव हवा होता.