टर्म संपते, आडनाव संपत नाही

जीके क्विझमध्ये विचारावा असा एक प्रश्न. एक माणूस हजारो किलोमीटर लांब, परदेशातल्या कोठडीत आहे. आपल्या गावात तो एकही सभा घेऊ शकत नाही, कुणाच्या घरी जाऊन हात जोडू शकत नाही. असा माणूस महापौरपदाची निवडणूक जिंकेल का?

उत्तर : आरामात! १२ मे २०२५ ला फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात हेच झालं. माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक करून नेदरलँड्समधल्या हेग इथे नेलं. ड्रग्जविरोधी मोहिमेत झालेल्या हत्यांबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप होता. तरीही दावाओच्या साडेसहा लाखांहून जास्त मतदारांनी त्यांना महापौर म्हणून निवडलं.

आता तुम्ही म्हणाल, सबमिशन्स तोंडावर आलेत आणि ही बाई फिलिपिन्सचं काय सांगत बसलीये? तर माझा मावसभाऊ दावाओत एमबीबीएस करतोय. आपल्याकडची बरीच मुलं तिथे मेडिकलला जातात. त्याच्याशी फोनवर वाद घालता घालता मी या विषयात शिरले आणि अडकलेच. कारण मला तो राजकारणापेक्षा डिझाइनचा प्रॉब्लेम वाटला. आणि डिझाइनवर बोलायचा हक्क इंजिनियरला नाही, तर कुणाला?

आधी सिस्टीम समजून घेऊ. आपल्या महानगरपालिकेत महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि खरा कारभार असतो आयुक्तांच्या हातात. फिलिपिन्समध्ये तसं नाही. तिथे दर तीन वर्षांनी, मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, लोक स्वतः महापौर निवडतात आणि शहर खरोखर तोच चालवतो. धंद्याचं लायसन्स, पालिकेतल्या नेमणुका, बजेटचा प्रस्ताव, सगळं त्याच्याकडून जातं. उपमहापौराला लोक वेगळं मत देतात, त्यामुळे तो विरोधी गटाचाही असू शकतो. शहराच्या कौन्सिलच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीवर उपमहापौरच बसतो. शिवाय नगरसेवकांची मतं असतात ती वेगळीच. मनिला शहरात सहा डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकातून सहा नगरसेवक निवडले जातात. म्हणजे एका मतदाराने फक्त नगरसेवकांसाठीच सहा नावं निवडायची! २०१० च्या आधी ही नावं हाताने लिहावी लागत. २०१० पासून छापील नावापुढचा गोल रंगवायचा आणि कागद मशीनमध्ये सरकवायचा. थोडक्यात, आपली ओएमआर शीट.

कागदावर हे डिझाइन मला झकास वाटलं. रस्ता खड्ड्यात गेला तर शिव्या कुणाला घालायच्या हे नक्की. महापौरावर नजर ठेवायला उपमहापौर आहे. आणि कुणी खुर्चीला चिकटून बसू नये म्हणून १९८७ च्या राज्यघटनेने अटही घातली, की लागोपाठ तीन टर्म झाल्या की बाजूला व्हायचं. मार्कोस यांची हुकूमशाही १९८६ मध्ये लोकांनी उलथवून टाकली होती. एकाच माणसाच्या हातात फार काळ सत्ता राहिली की काय होतं, हे त्या पिढीने भोगलं होतं.

मग घोटाळा कुठे झाला? नियमाने माणूस मोजला, घर मोजलं नाही.

दावाओचंच बघा. दुतेर्ते १९८८ मध्ये महापौर झाले. तीन टर्म संपल्यावर १९९८ ते २००१ ते संसदेत गेले आणि २००१ ला पुन्हा महापौर म्हणून परत. २०१० ला परत लिमिट आलं, तेव्हा मुलगी सारा महापौर आणि बाबा उपमहापौर! २०१३ ला बाबा पुन्हा महापौर, मुलगा पाओलो उपमहापौर. २०१६ ला बाबा राष्ट्राध्यक्ष झाले, सारा पुन्हा महापौर. २०२२ ला सारा देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली, धाकटा सेबास्टियन महापौर. २०२५ ला बाबा महापौर आणि सेबास्टियन उपमहापौर. बाबा हेगमध्ये, म्हणून कारभार उपमहापौराकडे, म्हणजे सेबास्टियनकडे आला. मग उपमहापौराची खुर्ची रिकामी. नियमानुसार ती मिळते सगळ्यात जास्त मतं घेणाऱ्या नगरसेवकाला. तो कोण? पाओलोचा मुलगा. म्हणजे नातू!

या सगळ्यात एकही नियम मोडलेला नाही. मला खरी भीती याचीच वाटते. पाइपलाइनमधला एक व्हॉल्व्ह बंद केला तर पाणी थांबत नाही, शेजारच्या पाइपातून जातं. टर्म लिमिट हा तसाच एक व्हॉल्व्ह झाला. उलट पूर्वी एकट्या वडिलांनी भागलं असतं, आता लिमिटमुळे बायको, मुलं, जावई सगळ्यांना तयार ठेवावं लागतं. घराणं मोडायला केलेल्या नियमानेच घराणं रुंद केलं.

दावाओ अपवाद आहे म्हणाल, तर मनिलाच्या शेजारचं मकाती घ्या. हा देशातला एक प्रमुख बिझनेस एरिया. तिथे १९८८ ला जेजोमार बिनाय निवडून आले, १९९८ ला त्यांची पत्नी, २००१ ला पुन्हा ते, २०१० ला मुलगा, २०१६ ला मुलगी ॲबी. ॲबीच्या तीन टर्म २०२५ ला संपल्या. मग मुख्य लढत कुणात झाली? ॲबीचा नवरा विरुद्ध ॲबीची बहीण नॅन्सी. नॅन्सी जिंकली. मतदारांना चॉइस होता बरं का... मेहुणी की मेहुणा!

यावर माझ्या मावसभावाचा एक मुद्दा आहे आणि तो फेकून देण्यासारखा नाही. तो म्हणतो, "तू इथे राहून बघ. रस्त्यात कुणी सिगरेट ओढत नाही. ९११ फिरवला की मदत येते. लोकांना ते आवडतात म्हणून निवडून देतात. तू कोण त्यांना अडवणारी?" खरंय. मत लोकांचंच आहे, कुणी बंदूक लावून घेतलेलं नाही.

पण दादा, उपमहापौर वेगळा निवडायचा कशासाठी? त्याने महापौराला प्रश्न विचारावा म्हणून ना? आता मुलगा बाबांना भर सभागृहात प्रश्न विचारणार? बहीण गेल्या वर्षीचा हिशोब मागणार, जो तिच्या भावानेच लिहिलाय? डोळे दोन, पण डोकं एकच. चांगलं काम झालं तर उत्तम. वाईट झालं तर ते सांगणारं शहरात कोण उरलं? ड्रग्जच्या नावाखाली ज्यांची माणसं मारली गेली, त्यांनी कुणाच्या दारात जायचं होतं?

बरं, राज्यघटना लिहिणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असंही नाही. घराणेशाहीला मनाई असावी, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. फक्त शेवटी शेपूट जोडलं : घराणेशाही म्हणजे काय ते कायद्याने ठरवावं. आणि कायदा करायचा संसदेने, जिथे अशाच घराण्यांतली माणसं भरलेली! १९८७ पासून २०२५ ची निवडणूक होईपर्यंत, म्हणजे ३८ वर्षांत, महापौर-खासदारांना लागू होणारा असा कायदा झाला नाही.

कायदा झाला तो फक्त एका गटासाठी. ओळखा बघू! आपल्या वयाच्या मुलांसाठी. तिथे प्रत्येक वस्तीत, ज्याला ते बारांगाय म्हणतात, तरुणांची एक निवडून आलेली कौन्सिल असते. २०१५ च्या कायद्याने १८ ते २४ वयाची मुलं तिच्यासाठी उभी राहू शकतात. अट अशी, की आईवडील, आजीआजोबा किंवा भावंडांपैकी कुणी त्या भागात निवडून आलेल्या पदावर नको. म्हणजे पोरांना नियम, थोरांना सूट. मेसमध्ये आपल्याला रांग आणि पाहुण्यांना थेट ताट, तसंच हे.

मग सगळं व्यर्थ का? नाही. पासिग शहरात १९९२ पासून युसेबिओ घराण्याचे महापौर होते. नवरा, बायको, मुलगा, सून, सगळे झाले. २०१९ मध्ये २९ वर्षांचा नगरसेवक विको सोत्तो उभा राहिला आणि २७ वर्षांची सत्ता त्याने पाडली. नगरसेवक असताना त्याने शहराच्या कारभाराची माहिती मागायचा हक्क लोकांना मिळवून दिला होता, आपल्या आरटीआयसारखा. २०२२ ला त्याचाच उपमहापौर त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि हरला. २०२५ ला विको तिसऱ्यांदा जिंकला. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की त्याचे आईवडील दोघेही प्रसिद्ध कलाकार आणि काका सिनेटर. म्हणजे घराणं पाडायलाही आडनाव लागलं! ज्याच्याकडे ते नाही, त्या हुशार मुलाने काय करायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. थेट महापौर निवडा, टर्मला लिमिट घाला, मशीन आणा, सगळं चांगलंच आहे. पण नियम माणसाला लागू आणि सत्ता घराकडे, असं असेल तर तो नियम शोभेचा. आपल्याकडेही वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की मावळत्या नगरसेवकांच्या सौभाग्यवती फ्लेक्सवर हात जोडून उभ्या दिसतात. तोही व्हॉल्व्हच आणि तोही शेजारचा पाइपच.

आपल्यातले बरेच जण यंदा-पुढच्या वर्षी पहिल्यांदा मत देतील. फ्लेक्सवरचं आडनाव अंगठ्याने झाका आणि खाली काय उरतं ते वाचा. काहीच उरत नसेल, तर उत्तर तुम्हाला मिळालं.